दोन्ही पाय सुटले पाहिजेत

लोटन नाना धरणावर आले की सगळ्यात आधी लाइफ जॅकेट अंगात घालायचे. आम्ही सामान टाकायचो तिथून पाणी पन्नास पावलांवर, उन्हाळ्यात तर दोनशे. तरी नाना एसटीतून उतरून बांधावरून खाली आले की पिशवीतून ते फिकट झालेलं नारिंगी जॅकेट काढत, तिन्ही पट्टे लावत आणि मगच कामाला हात घालत. इंजिन उघडून बसायचे ते जॅकेट घालून, भाकरी-ठेचा खायचे तोही जॅकेट घालूनच. मासे धरायला आलेले लोक एकमेकांना कोपराने ढोसत हसायचे. नानांना त्याचं काही नव्हतं.

"माले पवता येत नही," ते सरळ सांगायचे.

या माणसाने बावीस वर्षं आखातातल्या एका वॉटर स्कीच्या क्लबात काढली होती. धुळ्याच्या आयटीआयमधून फिटर होऊन बोटींची इंजिनं दुरुस्त करायला तिकडे गेले आणि हळूहळू स्की लावून देणारे कारागीर झाले. पण स्कीवर स्वतः एकदाही उभे राहिले नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, चांभार काय सगळे जोडे घालून पाहतो का.

माझी त्यांची ओळख झाली ती कॅलिपरमुळे. मी धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात शिकवतो, मोजमापाची प्रयोगशाळा माझ्याकडे असते. एका दुपारी पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ दारात उभे राहिले. हातात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं, कुणाचे तरी वडील, मुलाच्या प्रवेशासाठी आले असतील. त्यांनी फडकं सोडलं. आत एक डिजिटल कॅलिपर होता, जुना पण लख्ख.

"हाऊ खोटं बोलस का, ते देखनं शे," ते म्हणाले.

मी प्रमाण ठोकळे काढले, त्यांच्यावर कॅलिपर लावून पाहिला. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत बरोबर होता. नाना प्रत्येक आकड्याला मान डोलवत होते. एवढं बारीक माप कशासाठी लागतं, असं विचारल्यावर त्यांनी कॅलिपर पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि म्हणाले, "एक पोरना पायसाठे."

पुढच्या रविवारी मी ती पोर बघायला साक्रीच्या बसमध्ये बसलो, आणि पुढची तीन वर्षं दर रविवारी बसत राहिलो.

पोरीचं नाव उज्ज्वला. धरणाच्या पलीकडच्या गावची. वडील हिंमतराव शेतकरी, कांदा आणि बाजरी करणारे. ही लहानपणापासून फुगवट्यात पोहलेली, कॉलेजात पोहण्याच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवलेली. धुळ्याच्या एका व्यापाऱ्याने धरणावर पर्यटनाचं काहीतरी काढायचं म्हणून बोट आणि दोन-तीन स्की आणल्या होत्या. त्याचं ते काही चाललं नाही, बोट झाकून पडली. आखातातून परतलेल्या नानांना ते कळलं. त्यांनी व्यापाऱ्याला भेटून बोट दुरुस्त केली आणि रविवारी वापरायची परवानगी मिळवली. उज्ज्वला तिथेच पोहत असायची. तिला त्यांनी विचारलं, उभी राहतेस का पाण्यावर? ती सातव्या प्रयत्नाला उभी राहिली. मी गेलो तोवर ती एका फळीवर आली होती.

एका फळीवर म्हणजे दोन्ही पाय एकाच स्कीवर, एकामागे एक. पुढचा पाय पुढच्या बुटात, मागचा मागच्या. बूट रबराचे, प्रत्येक खाली स्वतंत्र धातूच्या पट्टीला बसवलेला आणि ती पट्टी चार स्क्रूंनी फळीला जखडलेली. फळीच्या शेपटाखाली पाण्यात उभं राहणारं एक पातळ धातूचं पातं. बोट सरळ रेषेत ताशी पन्नास-पंचावन्नच्या वेगाने जाते आणि मागे दोरी धरलेला खेळाडू सहा तरंगत्या खुणांच्या बाहेरून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असा कापत जातो. आमच्या खुणा म्हणजे नारिंगी रंग दिलेले रिकामे कॅन, दगडाला बांधून सोडलेले.

बोट नाना चालवायचे. मागे तोंड करून एक माणूस बसावा लागतो. खेळाडूवर नजर ठेवायची, पडला की हात वर करून ओरडायचं. ते काम माझं. त्यामुळे तीन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर उज्ज्वला होती आणि पाठीला नाना.

त्या पात्याला नाना 'पास' म्हणायचे. वखराची असते ती पास. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समजावलं, "पास खोल लावी तं बैल दमतस, उथळ लावी तं गवत ऱ्हास. हाई तसंच शे." पातं खोल केलं की शेपूट पाण्याला घट्ट धरून राहतं, पण फळी वळायला जड होते. उथळ केलं की झटकन वळते, पण वळणात शेपूट निसटतं. पुढे सरकवलं की फळीचं टोक पाण्यात चावतं, मागे सरकवलं की सुटं होतं. आणि हे सगळं केसाएवढ्या फरकाने. माझ्या प्रयोगशाळेत तेवढ्या फरकावर विद्यार्थ्यांचा एक गुण जातो. इथे माणूस तोंडावर आपटायचा.

त्यांची एक शिस्त होती: एक दिन, एक पेच. एका रविवारी एकच गोष्ट बदलायची. पातं हलवलं तर बूट हलवायचे नाहीत, बूट एक भोक पुढे घेतले तर पात्याला हात लावायचा नाही. आणि काय बदललं ते उज्ज्वलाला सांगायचं नाही. तिने तीन फेऱ्या मारायच्या, मग ते विचारायचे. कसं वाटलं असं कधी विचारलं नाही. विचारायचे, "डावा घोटा काय म्हनस?" ती सांगायची, तिसऱ्या खुणेला घोटा मागे राहतो. नाना कॅलिपर लावून पाहायचे, ओठ हलवत आकडा पाठ करायचे आणि पुढच्या रविवारपर्यंत गप्प.

उज्ज्वलाला हे सहन व्हायचं नाही. ती घाईची मुलगी होती. "नाना, मला आत्ताच सांगा ना, काय केलंत?"

"सांगं तं तू तेच शोधशी. मंग घोटानं कोन ऐकी?"

दुसरी शिस्त बुटांची होती आणि तिथे नाना वेगळेच होऊन जात. पात्याशी ते खेळायचे, बुटांशी नाही. उज्ज्वलाने पाय घालायच्या आधी ते प्रत्येक बुटात स्वतःची मूठ घालत आणि झटक्याने मागे ओढत. बाहेर येताना पच् असा आवाज झाला पाहिजे. आवाज आला नाही तर लेस सैल, पुन्हा मूठ. लेस किती ओढायची त्याची खूण त्यांनी आपल्या मुलीच्या जुन्या नेलपॉलिशने करून ठेवली होती. लाल ठिपका भोकाच्या आत राहिला पाहिजे, बाहेर आला की जास्त आवळलं. पाय आत सरकावा म्हणून शाम्पूची पुडी फोडून आतून चोळायचे. मग काठावर कापडी गाद्या टाकून उज्ज्वलाला फळीवर उभं करत, स्वतः फळी दोन्ही हातांनी दाबून धरत आणि तिला पुढे झोकून द्यायला सांगत. ती गादीवर पडायची. दोन्ही टाचा एकदम सुटल्या तर नाना उठायचे. एक जरी अडकली तरी पुन्हा सगळं पहिल्यापासून.

"दोन्ही पाय सुटाले पाहिजेत," ते म्हणायचे. "नहीतं एकबी नही."

एक पाय सुटला आणि दुसरा बुटात राहिला तर दीड-पावणेदोन मीटर लांबीची फळी त्या एका घोट्याला पाण्यात पिळत राहते, हे मला समजत होतं. पण नानांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे यायचं ते नुसत्या समजण्याचं नव्हतं. एका रविवारी उज्ज्वला घरी गेल्यावर त्यांनी सांगितलं. शुद्ध मराठीत सांगितलं, म्हणून मी सावध झालो. नाना एरवी माझ्याशी अहिराणीतच बोलायचे. चिडले, की शुद्ध बोलायचे.

"तिकडे एक पोरगा होता. एकोणीस-वीस वर्षांचा. चांगला खेळायचा. मला म्हणाला, मागचा बूट आवळ, टाच हलते. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, मी सांगतो ना. मी आवळला. मला तेव्हा वाटायचं, गिऱ्हाईक सांगेल तसं करायचं." ते पान्हा पुसत होते. "त्याचा पाय सरळ झाला नाही परत. मला कुणी काही बोललं नाही. त्याच्या बापानेसुद्धा नाही."

त्यानंतर चार वर्षं ते तिथे होते. दुसऱ्या कुणाला बुटांना हात लावू दिला नाही. स्क्रू ड्रायव्हरला दोरी बांधून ती मनगटात अडकवायची सवयही तेव्हाचीच. झोपताना काढायचो, एवढंच, असं म्हणाले.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर उज्ज्वलाला एका निवड चाचणीचं बोलावणं आलं. परराज्यात, मोठ्या तलावावर. निवड झाली तर एका जलक्रीडा केंद्रात प्रशिक्षक म्हणून नोकरी मिळण्यासारखी होती. हिंमतरावांनी होकार दिला, पण तो देताना त्यांना कष्ट पडले हे दिसत होतं. धरणात त्यांची चार बिघे गेली होती. त्या पाण्यावर पोरीने भरवसा ठेवावा हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

चाचणीला दहा दिवस उरले आणि उज्ज्वलाची डावी बाजू बिघडली. चौथ्या खुणेला फळी उशिरा वळायची. तिचं म्हणणं, मागची टाच बुटात उचलली जाते, म्हणून. नानांचं म्हणणं, टाच उचलत नाही, पुढचा बूट एक भोक मागे आहे, वजन पुढे जात नाही. त्यांनी त्या रविवारी तो बूट एक भोक पुढे घेतला आणि तीन फेऱ्यांनंतर काम थांबवलं. शेवटच्या आठवड्यासाठी त्यांनी बुधवारही ठरवला होता. मी रजा टाकली.

बुधवारी सकाळी इंजिन सुरू होईना. नाना मागचं झाकण उघडून आत डोकं घालून बसले. उज्ज्वला काठावर फळी घेऊन बसली होती. तिने मला हाक मारली.

"सर, जरा ही लेस ओढता का? माझा हात पुरत नाही."

मी वाकलो. मागच्या बुटाची लेस. मी लाल ठिपक्यापर्यंत ओढली.

"अजून."

"नाना रागावतील."

"सर, नानांचं बरोबरच आहे. पण सात दिवस राहिलेत. आजच्या दिवस फक्त. मला एकदा घट्ट बुटात वळून पाहू द्या, म्हणजे डोक्यातून जाईल." तिने माझ्याकडे पाहिलं. "ही नोकरी गेली तर मला परत कोण बोलावणार आहे?"

मी ओढली. ठिपका भोकातून बाहेर आला, त्यावर आणखी दोन बोटं लेस आली. हाताला सवय होती तशी गाठ मारली आणि ठिपका गाठीखाली दडवला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या बुद्धीने केलं.

इंजिनाचा आवाज झाला. नाना झाकण लावत ओरडले, "मास्तर, जोडा देखा का तुम्ही?"

"देखा," मी म्हणालो.

तीन वर्षांत त्यांनी हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता. त्यांचे दोन्ही हात ग्रीसने भरले होते, मूठ बुटात घालण्यासारखे नव्हते. म्हणून विचारलं, आणि इंजिनात वेळ गेल्यामुळे त्या दिवशी गाद्याही टाकल्या नाहीत.

पहिली फेरी सुंदर झाली. मी मागे तोंड करून बसलो होतो आणि उज्ज्वला चौथ्या खुणेला अशी वळली की पाण्याचा पडदा उभा राहिला. ती हसत होती. मलाही हलकं वाटलं. दुसऱ्या फेरीला नानांनी माझ्याकडे न वळता विचारलं, "ती डावीकडे इतली लवकर कशी वळनी?" मी म्हटलं, तुम्ही बूट पुढे घेतला ना. नाना आरशात बघत राहिले. तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीलाच त्यांचा हात वेग कमी करायच्या दांड्यावर गेला होता. त्यांना कळलं होतं असं मला आज वाटतं. पण तोवर ती तिसरी खूण ओलांडून गेली होती.

चौथ्या खुणेला फळीचं टोक पाण्यात शिरलं आणि उज्ज्वला पुढच्या पुढे फेकली गेली. मी हात वर केला, ओरडलो. पाण्यात पडल्यावर खेळाडूने हात वर करून ठीक असल्याची खूण करायची असते. तिचा हात वर आला नाही. नानांनी बोट लांबून वळवली आणि बऱ्याच अंतरावरच इंजिन बंद केलं. लाटा तिच्यापर्यंत जाऊ नयेत म्हणून. पण आमच्याच आधीच्या लाटा काठावर आपटून परत येत होत्या. प्रत्येक लाटेबरोबर ती फळी उचलली जायची, कलायची आणि उज्ज्वलाच्या तोंडून जो आवाज निघायचा तो ओरडण्याचा नव्हता. श्वास तुटल्यासारखा होता. पुढचा पाय सुटला होता, मागचा बुटात होता.

मी दोरी शोधत होतो. मागे धप्प असा आवाज झाला. नाना पाण्यात होते.

पोहता न येणारा सत्तरीच्या घरातला माणूस, जॅकेटवर तरंगत, कुत्र्यासारखे हात मारत तिच्याकडे चालला होता. टोपी मागे वाहत गेली. मी दोरीचं टोक फेकलं, त्यांनी ते कमरेला गुंडाळलं. तिच्याजवळ पोचल्यावर त्यांनी आधी फळी पकडली. दोन्ही हातांनी मिठी मारून छातीशी धरली, म्हणजे लाट आली की फळी आणि ते एकत्र हलतील, घोटा पिळणार नाही.

"माय, पाय माले दे. तू आभाळकडे देख. अंगनं बठ्ठं वजन जाकीटवर टाक."

मी बोटीतून ओरडलो, "नाना, लेस सोडा."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. लेस ओढली असती तर घोटा ओढला गेला असता. त्यांनी मनगटाचा स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला आणि पाण्याखाली हात घातला. बूट तसाच पायात ठेवून ते त्याची पट्टीच फळीवरून सोडवणार होते. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, सगळं बोटांनी. एका हाताने फळी छातीशी दाबलेली, दुसरा पाण्यात. तोंडात मधूनमधून पाणी जात होतं, ते थुंकत होते.

"एक गया," ते म्हणाले. तो स्क्रू तळाला गेला असेल.

मी दोरी ताणून धरून होतो. मला दुसरं काही करता येत नव्हतं. उज्ज्वला आभाळाकडे बघत होती आणि तिचे दात वाजत होते. दुसरा स्क्रू लवकर निघाला. तिसऱ्याला फार वेळ लागला. मध्ये एक लाट आली, नाना पूर्ण खाली गेले, वर आले तेव्हा खोकत होते, पण फळी त्यांनी सोडली नव्हती. तिसरा निघाला. चौथा त्यांनी काढलाच नाही, हळूच सैल केला; तिथे पट्टीला उघडी खाच होती, तिच्यातून त्यांनी फळी अलगद बाजूला सरकवली. उज्ज्वलाने पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

साक्रीला प्राथमिक उपचार झाले, तिथून धुळ्याला. बूट डॉक्टरांनी कात्रीने कापून काढला. घोट्याचं एक हाड मोडलं होतं, सांधा शाबूत होता. डॉक्टर म्हणाले, बूट कुणी ओढून काढला असता तर सांधा राहिला नसता. नाना ओल्या कपड्यांत भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी फक्त विचारलं, "चालेल ना नीट?" डॉक्टर हो म्हणाले. नाना खाली बसले.

हिंमतराव आले ते शेतातून तसेच, पायांना माती. आत जाऊन पोरीला बघून आले आणि आमच्यासमोर उभे राहिले.

"बूट कुणी बांधला होता?"

मी तोंड उघडलं. निदान तसं मला आठवतं.

"जबाबदारी माझी होती," नाना म्हणाले.

हिंमतरावांनी आवाज चढवला नाही. "यापुढे माझ्या पोरीच्या आसपास दिसू नका." नानांनी मान हलवली. मी नानांच्या शेजारी उभा होतो आणि एक शब्द बोललो नाही.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. नाना कप दोन्ही हातांनी धरून होते. मग म्हणाले,

"गाठ तुम्हनी व्हती, मास्तर. पेपरना गठ्ठाले मारतस ना, तशी."

अहिराणीत म्हणाले. चिडले नव्हते, हे कळलं आणि मला जास्त भीती वाटली.

"मग आत तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

"मी तुम्हनं काहीच लिधं नही. जोडा मी देखाले पाहिजे व्हता. हात पुसाले कितला येळ लागस? मी तुम्हले इचारं, ती मनी चूक. ती मी सांगी." त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्हनी चूक तुम्ही देखा. ती मी उचलनार नही."

मला बारा दिवस लागले. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज कॉलेजात काहीतरी काम निघायचं. शेवटी एका दुपारी उज्ज्वलाच्या गावी उतरलो. हिंमतराव खळ्यात कांदा निवडत बसले होते. उज्ज्वला बाजेवर, पाय प्लास्टरमध्ये. तिने मला पाहिलं आणि नजर खाली घातली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. लेस, ठिपका, गाठ, 'देखा' म्हणालो ते. हिंमतरावांचे हात कांद्यांवरून थांबले नाहीत.

"पोरीनं दवाखान्यातच सांगितलं होतं," ते म्हणाले. माझ्याशी ते शुद्ध बोलत होते, परक्याशी बोलावं तसं. "दुसऱ्याच दिवशी मी नानांकडे गेलो. माफी मागितली. तो माणूस ऐकेना, म्हणे माझीच चूक. मग मी त्यांना म्हटलं, तो मास्तर येईल का? ते म्हणाले, येईल, थोडा वेळ लागेल." त्यांनी एक सडका कांदा बाजूला टाकला. "बसा. पाणी घ्या."

मी बसलो. पाणी प्यायलो. निघताना त्यांनी मला बसपर्यंत सोडलं.

चाचणी उज्ज्वलाविना झाली. नानांच्या मुलीने त्यांना जळगावजवळ नशिराबादला, आपल्या घरी नेलं. धुळ्यात देवपुरातल्या खोलीत एकटे राहू नका म्हणाली. पाण्यातल्या त्या सकाळनंतर त्यांची छाती कफाने भरायची आणि उजवा हात कापायचा. बोट झाकलेलीच होती. पाऊस झाला, धरण भरलं, हिवाळा आला आणि उज्ज्वलाचा फोन आला. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. हिंमतराव स्वतः म्हणाले होते, नानांना बोलवा.

नाना जळगावहून बस बदलत बदलत आले. बांधावरून खाली उतरायला त्यांना वेळ लागला. जॅकेट घातलं. मग दगडावर बसले आणि कॅलिपर उज्ज्वलाच्या हातात दिला.

"मना हात हालस. तू माप."

तिने मापलं, आकडा सांगितला. नाना डोळे मिटून ऐकत होते. तिने पातं अर्ध्या केसाने मागे घेतलं, पुन्हा आकडा सांगितला. मागचा बूट नवा होता, त्याच्या लेसवर ठिपका नव्याने दिलेला; दोन्ही बूट तिनेच बसवले, सगळे स्क्रू तिनेच आवळले. लेस ओढून लाल ठिपका भोकाच्या आत ठेवला. तासभर लागला. नानांनी एकदाही हात पुढे केला नाही.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, जोडा देखा."

मी वाकलो. मूठ घातली, ओढली. पच्. दुसऱ्या बुटात घातली. पच्. "देखा," मी म्हणालो.

नाना उठले, सावकाश आले, वाकले आणि त्यांनी स्वतः दोन्ही बुटांत मूठ घालून पाहिली. त्यात राग नव्हता. मला वाईट वाटलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. पण माझ्यावर विश्वास ठेवल्याचं सोंग त्यांनी केलं असतं तर मला अधिक वाईट वाटलं असतं.

त्या दिवशी बोट व्यापाऱ्याच्या माणसाने चालवली. उज्ज्वलाने दोन फेऱ्या मारल्या, हळू वेगाने, आणि दुसऱ्या फेरीला चौथ्या खुणेवर पडली. दोन्ही पाय सुटले. तिचा हात लगेच वर आला. काठावर उभ्या असलेल्या हिंमतरावांनीही हात वर केला.

निवड तिची पुढच्याही वर्षी झाली नाही, दोन जागांनी हुकली. आता ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका तलावावर पोरांना शिकवते. बुटांना कुणाला हात लावू देत नाही, असं ऐकतो. नाना त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यातच नशिराबादला वारले. मुलीने सांगितलं, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या हिवाळ्यातल्या रविवारीच. साक्रीच्या बसला उशीर होता, म्हणून हिंमतरावांनी रस्त्यावरून जाणारी एक कांद्याची पिकअप थांबवली. नाना पुढच्या सीटवर चढले. मी खालून हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते ड्रायव्हरला काहीतरी समजावून सांगायला लागले होते. उजवा तळवा फळीसारखा आडवा धरून तो हळूहळू डावीकडे कलता करत होते, थरथरत्या हाताला डाव्या हाताचा आधार देऊन. त्या माणसाला त्यातलं काही समजत नसावं, पण तो गाडी सुरू करायचं थांबवून ऐकत होता.